वीज गेली तर?

४ फेब्रुवारी, मंगळवार

हाताला सिलिकॉन, शर्टाला सिलिकॉन, घरभर व्हिनेगरसारखा वास! पण तिन्ही काचा बसल्या. जुनी तीन फुटी टाकी आणि तिच्यात तीन उभ्या काचा. पाणी पहिलीवरून उडी मारेल, दुसरीच्या खालून सरपटेल, तिसरीवरून पुन्हा चढेल. तोवर बुडबुडे मागे राहतील आणि पंपाच्या कप्प्यात स्वच्छ पाणी पोचेल. निदान कागदावर तरी असंच आहे. आता आठवडाभर हात लावायचा नाही.

ही खालची टाकी. वरच्या मोठ्या टाकीतलं खारं पाणी एका नळीने इथे उतरणार, गाळलं जाणार, आणि पंप ते दुसऱ्या नळीने परत वर ढकलणार. वर फक्त मासे दिसतील. वायरी, फेस काढणारं यंत्र, हीटर, सगळी भानगड खाली कपाटात. हिची अट तीच आहे. "टाकी ठेव, पण तिची आतडी दिसता कामा नयेत."

अप्पा पलंगावर बसून बघत होते. सासरे. चार महिन्यांपूर्वी आमच्याकडे आले, माझी लिहायची खोली त्यांना दिली. टाकी तिथेच होती, ती हलवणं शक्य नव्हतं. तेव्हापासून अप्पा आणि मासे एका खोलीत.

"जावईबापू, हे काय चाललंय?"

"संप, अप्पा. म्हणजे ही खालची टाकी."

"पेपरात पस्तीस वर्षं काढलीत, तेव्हा केला नाहीत. आता घरी बसल्यावर संप!"

हसलो. स्वतःही हसले. मग थोड्या वेळाने, अगदी गंभीर होऊन — "वीज गेली तर?"

म्हटलं, पंप बंद पडेल, दुसरं काय! आली की सुरू.

दहा मिनिटांनी परत तेच. जेवताना परत.

हिने खुणेने सांगितलं, लिही. अप्पांच्या विसरण्यासाठी दाखवतो त्या डॉक्टरबाईंनी तीन आठवडे नोंद ठेवायला सांगितलीय: एकच गोष्ट दिवसात किती वेळा विचारतात, किती वेळा सांगतात. ही पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये असते, आकड्याशिवाय तिला चैन पडत नाही. वेगळा तक्ता करणार होती. मग म्हणाली, "तू रोज वही लिहितोसच. त्यातच टाक."

वीज: ३.


५ फेब्रुवारी, बुधवार

वास अजून आहे. वीज: २.


६ फेब्रुवारी, गुरुवार

निवासगृहाचं पत्र आलं. शहराबाहेरचं ते ज्येष्ठांचं घर, मागच्या महिन्यात बघून आलो होतो ते. एक खोली रिकामी होतेय. अठ्ठावीस तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत सही केलेला फॉर्म पोचला पाहिजे, नाहीतर खोली पुढच्या माणसाला.

पत्र चांगलं लिहिलंय. एक शब्द जास्त नाही. माझ्याकडे आलं असतं तर तसंच छापायला सोडलं असतं.

ही दोनदा वाचून म्हणाली, "ज्या माणसाने जन्मभर लोकांचे नळ बंद केले, तो नळ सोडून फिरायला जातो. दोनदा! दुसऱ्यांदा तर घराचा रस्ताच सापडला नाही. आपण दोघं बाहेर असताना काही झालं तर?"

तिचं चूक नाही. डॉक्टरबाईंकडे चोवीसला जायचंय. त्यानंतर ठरवू म्हणालो. अप्पांना काहीच सांगितलेलं नाही.

वीज: ४.


८ फेब्रुवारी, शनिवार

पाइप कापायला घेतले. पहिला तुकडा तिरका. दुसरा त्याहून तिरका!

अप्पांना राहवलं नाही. उठले, रद्दीतला पेपर काढला, पान पाइपभोवती घट्ट गुंडाळलं, कडेवर कड जुळवली आणि पेन्सिलीने गोल रेघ मारली. "ह्या रेघेवर करवत चालवा. इतकी वर्षं पेपर काढलेत, त्याचा खरा उपयोग आज कळला असेल."

सरळ काप! काटकोनात! इस्पितळात बॉयलर आणि पाण्याच्या सगळ्या लाइनी ह्या माणसाच्या ताब्यात होत्या, तीस वर्षं. हात थरथरतो त्यांचा. पण पाइप हातात आला की थरथर थांबते. हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

वर जाणाऱ्या नळीचं तोंड टाकीत अठरा सेंटिमीटर खोल नेतोय. वरवर ठेवलं तर खळखळ होते, अप्पांची झोप मोडेल. खोल असलं की आवाज नाही, शिवाय तळाची वाळू हलती राहते. स्वतःवर खूश.

एकेक सांधा सोल्युशन लावून चिकटवत गेलो. शेवटच्या एल्बोला, वरच्या टाकीत बुडणाऱ्या वळणाला, अप्पांनी मनगट धरलं. "तो नाही. तो नुसता दाबून बसवा. हाताने फिरला पाहिजे."

"का?"

"फिरला पाहिजे."

म्हाताऱ्याचा मान म्हणून नाही चिकटवला.

वीज: ५. शेवटी सांगितलं की मासेवाल्याकडून झडप आणलीय, एनआरव्ही. पाणी वर जाऊ देते, उलट येऊ देत नाही. वीज गेली तरी चिंता नाही. त्यांनी ती हातात घेतली, फुंकून बघितली, परत दिली. मग इस्पितळाची गोष्ट सुरू केली. वरच्या टाकीच्या लाइनला अशीच झडप होती, तिच्यात कधीतरी पोछ्याचा एक धागा अडकला, आणि बाळंतिणींच्या वॉर्डात घोटाभर पाणी. "एका बाईला खाटेसकट उचलली आम्ही. ती ओरडतेय, मला नको, आधी बाळाला न्या!"

गोष्ट छान आहे. चार महिन्यांत पाचव्यांदा ऐकली. गोष्ट: १.


९ फेब्रुवारी, रविवार

उतरणारी नळी झाली. वरच्या टाकीच्या काचेला भोक पाडायची हिंमत नाही. तडा गेला तर सगळंच गेलं. म्हणून काठावर लटकणारी पेटी आणि काठावरून वाकून जाणारी यू-आकाराची नळी. नळी पाण्याने भरलेली असली की पाणी आपोआप काठ ओलांडून खाली येत राहतं. शाळेत शिकलेलं इतक्या वर्षांनी कामाला आलं.

वीज: ३. गोष्ट: १.


११ फेब्रुवारी, मंगळवार

चाचणी, साध्या पाण्यावर; वर मासे आहेत, म्हणून मोठ्या टाकीऐवजी उंचावर पिंप ठेवून. यू-नळी तोंडाने ओढून भरली. पाणी खाली आलं, काचांवरून-खालून गेलं, पंपाने वर ढकललं. कुठे थेंब नाही! पाणसळ लावून बसवलेल्या टाकीत पाणी असं दिसत होतं, जणू कुणी इस्त्री केलीय.

मग अप्पांसमोर मुद्दाम पंपाची पिन उपटली. आतून "टक्" आवाज आला, झडप बसली. पाणी जागच्या जागी. म्हटलं, बघा! गेली वीज. काय झालं?

ते वाकून झडपेकडे बघत राहिले. "आज नवी आहे," म्हणाले.

तासाभराने — "जावईबापू, वीज गेली तर?"

इतका राग आला! खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो. राग त्यांचा नव्हता, कशाचा होता कोण जाणे. डोळ्यांसमोर दाखवलेलं तासभरही टिकत नसेल तर काय करायचं?

वीज: ४.


१२ फेब्रुवारी, बुधवार

आज खरं पाणी. मीठ मोजून, ढवळून, खारटपणा काट्यावर बघून. यू-नळी ओढताना घोटभर समुद्र पोटात गेला. नारिंगी जोडी दिवसभर दगडामागे रुसून बसली होती, संध्याकाळी बाहेर आली. खोली शांत. कपाट बंद केलं की काहीच दिसत नाही.

हिने कपाट उघडलं, मिटलं, परत उघडलं. "जमलं की रे!" लॅबवालीचं प्रशस्तिपत्र, म्हणजे सोनं.

जिन्यात खालच्या काकू भेटल्या. "मोटारीचा आवाज बंद झाला वाटतं. पण एक सांगते, तुमचा समुद्र तुमच्याकडेच ठेवा हं. माझी गादी नवीन आहे."

वीज: ३.


१५ फेब्रुवारी, शनिवार

दोन दिवस लिहिलं नाही. आजचा धरून वीज: ३, ४, २. गोष्ट: १.


१८ फेब्रुवारी, मंगळवार

अप्पा दिवसातला बराच वेळ टाकीसमोर काढतात. मासे बघत नाहीत. नळ्या बघतात. बोटाने हवेत वाट काढतात — वर, वळण, खाली. ही म्हणते, हेही लिही, तेच तेच करणं. लिहिलं.

दुपारी नळ चालू ठेवला. बादली भरून वाहत होती, ते बाजूलाच उभे, टॉवेल हातात. मी बंद केल्यावर म्हणाले, "कोणी सोडला हा?" मी म्हटलं, मीच. खोटं बोलायला इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं.

वीज: ४.


२१ फेब्रुवारी, शुक्रवार

हिने फॉर्म भरला. सहीची जागा कोरी. अक्षर नेहमीपेक्षा सुंदर काढलंय. फार वाईट वाटत असलं की ती असं नीट लिहिते.

वीज: २.


२४ फेब्रुवारी, सोमवार

हे सावकाश लिहायला हवं.

अप्पांना काकूंकडे बसवून आम्ही दोघं डॉक्टरबाईंकडे गेलो. मी पाठ केलेला आकडा सांगितला. वीज, वहीत न लिहिलेले दिवस धरून, तीन आठवड्यांत त्रेसष्ट. पान पूर्ण लावून झाल्यासारखं वाटलं.

"शब्द बदलत नाहीत?"

"अक्षरही नाही."

"तुम्ही काय उत्तर देता?"

"झडप आहे म्हणून सांगतो."

"मग ते काय म्हणतात?"

"ते सोडून देतात. इस्पितळाची एक जुनी गोष्ट लावतात."

"कुठली गोष्ट?"

सांगायला लागलो. वरच्या टाकीची लाइन. तिला अशीच झडप. तिच्यात एक धागा अडकतो — आणि माझा आवाज बारीक होत गेला. धाग्यापुढचं वाक्य पूर्ण केलंच नाही बहुतेक. ही माझ्याकडे वळून बघत होती.

पस्तीस वर्षं मी पुनरुक्ती छाटली. दुसऱ्यांदा आलं की रेघ, तिसऱ्यांदा आलं की लिहिणाऱ्याला बोलावून दोन शब्द. कुणी तेच परत का सांगतोय, हा प्रश्न मला कधी पडला नाही. डेस्कवर त्याला वेळच नसतो.

डॉक्टरबाई एवढंच म्हणाल्या, "विसर वाढतोय, त्यात शंका नाही. नळ, रस्ता, ते मी धरते. हा प्रश्न मात्र आत्ता धरत नाही. घरी जाऊन एकदा बघून घ्या."

घरी आल्यावर कपडेही बदलले नाहीत. पिन उपटली.

"टक्" आलं नाही.

आधी काहीच झालं नाही. मग खालच्या टाकीतलं पाणी चढायला लागलं. काठापर्यंत दहा सेंटिमीटर जागा होती — नऊ, आठ. वरची टाकी तिच्याच नळीतून उलटी रिकामी होत होती. अठरा सेंटिमीटर खोल तोंड! आवाज नको म्हणून मीच खोल नेलेलं! पाच. तीन. मी टॉवेल शोधतोय, ही बादली आणायला पळाली, आणि मला सुचेना की पिन परत लावायची असते.

अप्पा पलंगावरून उठले. बाही वर न करता हात वरच्या टाकीत घातला, शेवटचा एल्बो धरला आणि फिरवला. तोंड पाण्याबाहेर आलं. नळीने मोठ्ठा सुस्कारा टाकल्यासारखी हवा ओढली. खालचं पाणी थांबलं. काठाखाली एक बोट.

बाहीतून पाणी गळत होतं.

"आता कळलं?" म्हणाले. ना चिडून, ना टोमणा. शिकाऊ माणसाला विचारावं तसं.

नंतर झडप उघडली. पाकळीत मोहरीएवढी गोगलगाय अडकलेली. पाण्याबरोबर आली असणार. हिशेब मांडला: अप्पांनी हात घातला नसता तर साठ लिटर समुद्र जमिनीवर, त्यांच्या पलंगाखाली. आणि काकूंच्या गादीवर.

एकवीस दिवस विचारत होते. मी उत्तर दिलंच नव्हतं, नुसती टाळाटाळ. ते विसरत नव्हते. वाट बघत होते.

वरच्या सगळ्या पानांवरचे आकडे बघितले. खोडावेसे वाटले. खोडले नाहीत. छापलेलं मागे घेता येत नाही, शुद्धिपत्र द्यावं लागतं. हेच ते.


२५ फेब्रुवारी, मंगळवार

भोक! सगळा इलाज एक भोक! वर जाणाऱ्या नळीला, पाण्याच्या रेघेखाली बोटभर, बारीक भोक. वीज गेली, वरचं पाणी बोटभर उतरलं, की भोक उघडं पडतं, हवा शिरते, उलटा प्रवाह तुटतो. झडप असो वा नसो.

अप्पांनी जागा दाखवली, मी ड्रिल धरलं. "दर रविवारी काडीने साफ करायचं. भोकावर भरवसा, पण डोळे मिटून नाही."

यू-नळीत हवा शिरली होती. पुन्हा तोंडाने ओढून भरली. पुन्हा घोटभर समुद्र. अप्पा माझं तोंड वाकडं झालेलं बघून खूप हसले.

वीज: ०.


२६ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी अप्पांनी हिला तिच्या आईच्या नावाने हाक मारली. ती "ओ" म्हणाली, चहा दिला.

बाथरूमचा नळ चालू होता. मी बंद केला.

वीज: ०.


२७ फेब्रुवारी, गुरुवार

आम्ही भांडलो. हळू आवाजात, म्हणजे जास्तच वाईट.

मी म्हणालो, तो माणूस आपल्यापेक्षा शहाणा निघाला.

"पाइपाच्या बाबतीत!" ही म्हणाली. "रस्त्याच्या बाबतीत कोण हात घालणार? माझे बाबा आहेत ते. तुला सोमवारी कळलं, म्हणून तू आता हळवा झालास. मला रोज सकाळी कळतं."

सोमवारी मला एका प्रश्नाचं उत्तर सापडलं, तिच्या प्रश्नाचं नाही.

उद्या पाचपर्यंत. फॉर्म फळीवर आहे. दुपारी तिने सही केली. पोचवायला मी जाणार. मुदतीचं काम नेहमी माझ्याकडेच येतं. अप्पांना काय आणि कसं सांगायचं, दोघांनाही माहीत नाही.

वीज: ०.


२८ फेब्रुवारी, शुक्रवार

चारला निघणार होतो. पावणेचारला वीज गेली. खरीच, सगळ्या रस्त्याची.

तिघेही टाकीसमोर. वरचं पाणी बोटभर उतरलं, भोकाने सुर्रकन हवा ओढली, खालचं पाणी चढलं आणि थांबलं. काठाखाली चार बोटं. मी टाळी वाजवली! हिनेसुद्धा — एका हातात फॉर्म, तरी.

अप्पांनी मान हलवली. मग यू-नळीकडे बोट केलं. तिच्यात हवेचा मोठा फुगा धरला होता.

"आणि वीज आली तर? पंप वर ढकलणार, ही नळी खाली आणणार नाही. वरची टाकी भरून वाहेल. तुम्ही दोघं बाहेर. मी त्या दुसऱ्या घरी. मग ती नळी तोंडाने कोण ओढणार?"

पहिलीच वेळ. आकडा लिहीत नाही.

ही स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसली, फॉर्म मांडीवर पालथा ठेवला. "सांगा ना बाबा," म्हणाली, "कोण ओढणार? नीट सांगा, मी ऐकतेय."

मी पंपाची पिन काढली. अप्पांनी पेन मागितलं, फॉर्म उलटाच घेतला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर नळी काढायला सुरुवात केली.

वीज सव्वापाचला आली. आयुष्यातली पहिली मुदत चुकली.